मध्ययुगातील काही विस्मृत व्रतस्थ संघ

आमच्या गुरुविद्यालयातील दिवसांत ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा तास दुपारच्या जेवणानंतर असे. बाहेर ऊन रणरणत असायचे, आत डोळे मिटत असायचे, आणि आमचे वृद्ध प्राध्यापक मध्ययुगातील व्रतस्थ संघांची नावे एका संथ सुरात सांगत जायचे. परीक्षेत प्रश्न येत तो मोठ्या संघांवर. संत बेनेदिक्त, संत फ्रान्सिस, संत दोमिनिक यांच्या अनुयायांची माहिती आम्ही तोंडपाठ करीत असू. ग्रंथाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली इतर संघांची नावे कोणी वाचीत नसे. आम्हीही वाचली नाहीत.

ती बारीक अक्षरे वाचण्याची वेळ फार उशिरा आली. काही काळापूर्वी एक वयोवृद्ध धर्मभगिनी आमच्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "फादर, आमच्या संस्थेत कितीतरी वर्षांत एकही नवी मुलगी आली नाही. आम्ही साऱ्या म्हाताऱ्या झालो. आमच्यानंतर दिवा लावायलाही कोणी राहणार नाही. देवाला आता आम्ही नकोशा झालो का?" त्या प्रश्नाला धर्मगुरूने जे ठरावीक उत्तर द्यायचे असते ते आम्ही दिले, पण ते देताना आमचेच समाधान झाले नाही. त्या रात्री आम्ही जुना इतिहासग्रंथ काढला आणि तळटिपांत निजलेल्या त्या संघांचा शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एका संत अंतोनींविषयी. आपल्याकडे संत अंतोनी म्हटले की पदुआचे संत अंतोनी डोळ्यांपुढे उभे राहतात. येथे ज्यांचा उल्लेख आहे ते त्यांच्याहून जवळजवळ नऊशे वर्षे आधीचे, इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी संत अंतोनी. इ. स. ३५६ च्या सुमारास ते देवाघरी गेले. १७ जानेवारी हा त्यांचा सण. त्यांचे म्हणून मानले गेलेले पवित्र अवशेष अकराव्या शतकात एका सरदाराने कॉन्स्टँटिनोपलहून फ्रान्सच्या आग्नेयेकडील दोफिने प्रांतातील एका खेड्यात आणले, असे परंपरा सांगते. त्या खेड्याकडे लवकरच आजाऱ्यांची रीघ लागली.

तो आजार भयंकर होता. हातापायांत आग पेटल्यासारख्या वेदना होत, कातडी काळी पडे, बोटे आणि पुढे संपूर्ण अवयव वाळून गळून पडत. कोणाला झटके येत, कोणाला भास होत. लोक त्यास 'पवित्र अग्नी' म्हणत आणि पुढे 'संत अंतोनींचा अग्नी' हे नाव रूढ झाले. त्याचे कारण त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. ते कारण गरिबाच्या ताटातच होते. राय नावाच्या धान्यावर ओल्या, थंड हवेत एक बुरशी वाढते आणि कणसात दाण्याच्या जागी काळपट शिंगासारखा खडा तयार होतो. तो पिठात दळला गेला की भाकर विषारी होते. त्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि अवयवांचा रक्तपुरवठा तुटतो. घाटावर बाजरी पिकविणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांना 'अरगट' हे नाव नवीन नाही. पेरणीपूर्वी बाजरीचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे हलके, रोगट दाणे ते काढून टाकतात, ते याच बुरशीच्या जवळच्या भावंडापासून बचाव करण्यासाठी. आजचा शेतकरी हे करू शकतो, कारण त्याला शत्रू ठाऊक आहे. अकराव्या शतकातील शेतकऱ्याला तो ठाऊक नव्हता. दुष्काळी वर्षी साठ्यातले शेवटचे, किडके धान्य गरीबच खात असे आणि रोगही गरिबालाच गाठीत असे.

इ. स. १०९५ च्या सुमारास गास्तों नावाच्या एका सरदाराचा पुत्र या आजारातून बरा झाला. परंपरेनुसार त्या कृतज्ञतेपोटी पितापुत्रांनी आपली संपत्ती आणि उर्वरित आयुष्य अशा रोग्यांच्या सेवेस वाहिले आणि काही सोबती घेऊन त्या खेड्यात इस्पितळ उभारले. अंतोनीय संघाची ही सुरुवात. हे बंधू आरंभी धर्मगुरू नव्हते, प्रापंचिक होते. त्यांना व्रते घेण्याची परवानगी पोप होनोरियस तिसरे यांनी १२१८ मध्ये दिली, पुढे संत आगुस्तीन यांची नियमावली त्यांना लागू झाली आणि १२९७ मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी त्यांना नियमबद्ध धर्मगुरूंचा दर्जा दिला. काळ्या झग्यावर निळ्या रंगाचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा क्रूस ही त्यांची खूण होती. कुबडीच्या आकाराची ही खूण लंगडा रोगी दुरूनही ओळखू शके.

या बंधूंचे उपचार काय होते? ते रोग्याला आश्रय देत, चांगल्या धान्याची भाकर आणि डुकराचे मांस खाऊ घालीत, चरबीत वनस्पती मिसळून केलेला लेप जखमांवर लावीत, संतांच्या अवशेषांवरून ओतलेला द्राक्षारस प्यायला देत, आणि जो अवयव वाचण्याजोगा नसे तो कुशल शल्यवैद्याकडून कापून काढीत. आज आपण जाणतो की यातील सर्वांत मोठे औषध ती साधी, निर्विष भाकर होती. रोगी विषारी अन्नापासून दूर झाला की त्याचे शरीर सावरू लागे. बंधूंना हे शास्त्र ठाऊक नव्हते. भुकेल्याला चांगले खाऊ घालावे एवढेच त्यांना शुभवर्तमानातून ठाऊक होते, आणि तेवढ्याने अनेकांचे प्राण वाचले.

इस्पितळाच्या खर्चासाठी बंधू डुकरे पाळीत. पॅरिसमध्ये ११३१ साली रस्त्यावरच्या डुकराला अडखळून घोडा कोसळला आणि राजपुत्र फिलीप मृत्यू पावला, तेव्हा शहरात डुकरे मोकळी सोडण्यास बंदी झाली. अंतोनीय बंधूंच्या डुकरांना मात्र पुढे सवलत मिळाली. गळ्यात घंटा बांधलेली ती डुकरे रस्तोरस्ती फिरत आणि लोक त्यांना खाऊ घालीत. संत अंतोनींच्या चित्रांत त्यांच्या पायाशी डुक्कर आणि हाती घंटा का असते, याचे एक कारण येथे सापडते.

पंधराव्या शतकापर्यंत या संघाची तीनशेहून अधिक इस्पितळे युरोपभर पसरली होती. त्यांपैकी एक अल्सास प्रांतातील इझेनहाइम येथे होते. तेथील अधिपती गुइदो ग्वेर्सी यांनी मातियास ग्र्युनेवाल्ड या चित्रकाराकडून १५१२ ते १५१६ या काळात एक भव्य वेदीचित्र करवून घेतले. ते आज कोलमार येथील संग्रहालयात आहे. त्या चित्रातील क्रुसावरचा ख्रिस्त सुंदर नाही. त्याचे अंग हिरवट पडले आहे, सर्वांगावर काटे रुतल्याच्या जखमा आहेत, बोटे वेदनेने ताठ वाकडी झाली आहेत. त्याच वेदीच्या दुसऱ्या फलकावर कोपऱ्यात पोट फुगलेला, फोडांनी भरलेला एक रोगी दिसतो. ज्यांची बोटे गळून पडत होती अशा माणसांच्या इस्पितळासाठी हे चित्र काढले गेले. वेदनांचे कारण सांगणारे त्यांना कोणी भेटले नव्हते. पण आपल्यासारख्याच अंगाचा देव त्यांना तेथे पाहावयास मिळत होता. एवढे थेट प्रवचन आम्हांला आमच्या साऱ्या सेवाकाळात करता आलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

परंतु संघाच्या वाढीबरोबर संपत्तीही वाढली. इस्पितळाची अधिपतिपदे ही उत्पन्नाची साधने बनू लागली आणि संतांच्या नावाने भिक्षा गोळा करणाऱ्यांविषयी तक्रारी वाढल्या. दान्ते यांनी तर चौदाव्या शतकातच आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात संत अंतोनींच्या डुकरावरून दांभिक उपदेशकांना टोला लगावला आहे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळीमुळे जर्मनीतील अनेक इस्पितळे बंद पडली. पुढे वैद्यांनी रोगाचे कारण काळ्या दाण्यात शोधले आणि रोग हळूहळू ओसरू लागला. इमारती, जमिनी आणि पदे मागे राहिली. ज्यांच्यासाठी ती होती ते रोगी कमी होत गेले. १७७७ मध्ये हा संघ माल्टाच्या सरदारसंघात विलीन करण्यात आला. सहाशे ऐंशी वर्षांचे एक नाव कागदावरून पुसले गेले.

दुसरा संघ याच्या अगदी उलट. त्याला संपत्ती कधी लाभलीच नाही आणि दीर्घायुष्यही लाभले नाही. तेराव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, इयेर या गावी, दिन्यचे फ्रान्सिस्कन बंधू ह्यू यांचे प्रवचन ऐकून काही प्रापंचिक माणसे हेलावून गेली. त्यांपैकी रेमों नावाच्या गृहस्थाने पूर्वी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला होता, परंतु आजारपणामुळे त्यास बाहेर पडावे लागले होते. या मंडळींनी एकत्र येऊन 'येशू ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताचे बंधू' या नावाने जीवन सुरू केले. त्यांचा झगा गोणपाटासारख्या जाड्याभरड्या कापडाचा असल्याने लोक त्यांना 'गोणपाटी बंधू' म्हणू लागले.

पोप इनोसंट चौथे यांच्या अनुज्ञेने १२५१ मध्ये त्यांनी संत आगुस्तीन यांची नियमावली स्वीकारली. त्यानंतरची त्यांची वाढ थक्क करणारी होती. फ्रान्स, स्पेन, इटली, इंग्लंड, जर्मनी अशा देशांत अवघ्या पंचवीस वर्षांत त्यांची शंभराहून अधिक निवासस्थाने झाली. फ्रान्सचे राजे संत लुई यांचा त्यांच्यावर लोभ होता. पॅरिसमध्ये त्यांचे विद्यार्थी धर्मविद्या शिकत होते. फ्रान्सिस्कन व दोमिनिकन यांच्याखालोखाल त्यांचे नाव घेतले जाऊ लागले होते.

मात्र शहराशहरांतून भिक्षेवर जगणाऱ्या नवनव्या संघांची गर्दी झाली होती. नवीन संघ स्थापन करू नयेत, असे १२१५ च्या चौथ्या लॅटरन विश्वपरिषदेने सांगूनही ती थांबली नव्हती. महागुरुस्वामी आणि धर्मग्रामांचे धर्मगुरू कुरकुरत होते. आम्हीही धर्मग्राम सांभाळणारेच असल्याने त्या कुरकुरीमागची अडचण आम्हांस समजते. एका गावाचे दान किती वाटेकऱ्यांत वाटायचे, हा प्रश्न खोटा नव्हता. अखेर १२७४ मध्ये लियोंच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला. १२१५ नंतर निघालेल्या आणि निश्चित उत्पन्न नसलेल्या भिक्षाव्रती संघांनी, त्यांना पोपची मान्यता मिळालेली असली तरी, यापुढे नवीन सदस्य घेऊ नयेत, नवीन घरे स्वीकारू नयेत, बाहेरील लोकांना प्रवचन देऊ नये, त्यांचे पापनिवेदन ऐकू नये. फ्रान्सिस्कन व दोमिनिकन यांना यातून वगळण्यात आले. कार्मेलकर आणि आगुस्तीनकर यांना तूर्त आहे तसे राहू देण्यात आले व पुढे ते कायम झाले. गोणपाटी बंधूंना मात्र हळूहळू मरण्याची आज्ञा झाली.

वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. त्या बंधूंवर पाखंडाचा आरोप नव्हता, दुराचाराचा नव्हता. पंचविशीतला एखादा बंधू त्या दिवशी मठात असेल. आपल्यानंतर येथे कोणी येणार नाही, हे जाणून त्याने पुढची तीस-चाळीस वर्षे पहाटेची प्रार्थना म्हणावयाची होती. दरवर्षी वेदीभोवतालची आसने एकेक करून रिकामी होत जाणार होती. घरे रिकामी झाली तशी ती इतरांकडे गेली. पॅरिसमधील त्यांचा मठ १२९३ मध्ये आगुस्तीनकरांना मिळाला. इंग्लंडमधील केंब्रिजचे त्यांचे घर १३०७ मध्ये तेथील सर्वांत जुन्या महाविद्यालयाकडे, पीटरहाउसकडे गेले.

येथे आपल्या किनाऱ्याशी एक धागा जुळतो. १२७४ च्या त्या चाळणीतून जे संघ निभावले, त्यांपैकी फ्रान्सिस्कन, दोमिनिकन आणि आगुस्तीनकर पुढे पोर्तुगीज गलबतांतून आपल्याकडे आले. वसईच्या किल्ल्यातील पडक्या मंदिरांपैकी काहींच्या भिंती त्यांच्याच. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले ते फ्रान्सिस्कन बंधू म्हणून. परंतु टिकलेल्यांचेही सारेच कोठे टिकले? आगुस्तीनकर १५७२ मध्ये गोव्यात आले, त्यांनी जुन्या गोव्याच्या टेकडीवर प्रचंड मठ बांधला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारच्या हुकुमाने तो रिकामा झाला आणि आज तेथे अर्धा मनोरा उभा आहे. मनोरा पाहावयास पुष्कळ लोक जातात. तो बांधणाऱ्या हातांसाठी किती जण प्रार्थना करतात, कोण जाणे.

तिसरी कथा बंदिवानांची आहे. मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसे पकडून विकण्याचा व्यापार चालत असे. ख्रिस्ती माणसे उत्तर आफ्रिकेच्या बाजारात विकली जात आणि मुसलमान माणसे युरोपच्या बंदरांत गुलाम होऊन राबत. पकडल्या गेलेल्यांत श्रीमंत असला तर घरचे खंडणी भरून त्यास सोडवीत. कोळी, शेतकरी, साधा शिपाई यांना सोडविणारे कोणी नसे.

प्रोव्हान्समध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये शिकलेले धर्मगुरू संत जॉन द माथा यांनी या निराधारांसाठी पवित्र त्रैक्याचा संघ स्थापन केला. पोप इनोसंट तिसरे यांनी १७ डिसेंबर ११९८ रोजी त्याच्या नियमावलीस मान्यता दिली. तिच्यातील एक कलम हिशेबाचे आहे. संघाला जे काही मिळेल त्याचे तीन भाग करावेत. दोन भागांतून आपला निर्वाह आणि दयेची कामे चालवावीत, तिसरा भाग बंदिवानांच्या सुटकेसाठी राखून ठेवावा. देवळाच्या हिशेबाच्या वह्या तपासताना आम्हांला या कलमाची आठवण होते आणि थोडे ओशाळल्यासारखे होते. बंधूंना घोड्यावर बसण्यास मनाई होती, गाढवावर बसण्याची मुभा होती. म्हणून लोक त्यांना 'गाढववाले बंधू' म्हणत. मुसलमान बंदिवान विकत घेऊन त्यांच्या बदल्यात ख्रिस्ती बंदिवान सोडवून आणण्याची तरतूदही नियमावलीत होती, म्हणजे दोन्हीकडची माणसे आपापल्या घरी परतत. रोममध्ये संघाच्या जुन्या इस्पितळाच्या दारावर सुमारे १२१० मधील एक कुट्टिमचित्र आजही दिसते. मध्यभागी ख्रिस्त बसला आहे. त्याच्या एका बाजूस गोरा बंदिवान, दुसऱ्या बाजूस काळा बंदिवान, आणि त्याने दोघांचेही हात धरले आहेत.

याच कार्यासाठी १२१८ मध्ये बार्सिलोना येथे संत पेद्रो नोलास्को यांनी दयामातेचा संघ स्थापन केला; पोप ग्रेगरी नववे यांनी त्यास १२३५ मध्ये मान्यता दिली. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज हे बंधू चौथे व्रत घेत. एखाद्या बंदिवानाची श्रद्धा धोक्यात आली असेल आणि सोडविण्यास पैसा पुरत नसेल, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहावयाचे. या व्रतापायी काही बंधू परत आलेच नाहीत.

अशा सुटकांपैकी एक जगाला ठाऊक आहे. मिगेल द सर्व्हान्तेस हा स्पॅनिश शिपाई १५७५ मध्ये चाच्यांच्या हाती सापडला आणि अल्जिअर्स येथे पाच वर्षे बंदीत राहिला. कुटुंबाने जमविलेला पैसा अपुरा होता. त्रैक्य संघाचे फ्राय हुआन गिल यांनी उरलेली रक्कम जमवून पाचशे सुवर्णमुद्रा भरल्या आणि १९ सप्टेंबर १५८० रोजी, कॉन्स्टँटिनोपलला निघालेल्या जहाजावरून त्याला सोडविले. त्या बंदिवानाने पुढे 'दोन किहोते' लिहिली. १६१६ मध्ये त्याला माद्रिदमधील त्रैक्य संघाच्या भगिनींच्या मठात मूठमाती देण्यात आली. 'दोन किहोते' जगभर वाचली जाते. फ्राय हुआन गिल यांचे नाव तळटिपेत राहिले.

एकोणिसाव्या शतकात अल्जिअर्सची चाचेगिरी संपली. म्हणजे अंतोनीय संघापुढे जो प्रश्न उभा राहिला होता तोच या दोन संघांपुढेही आला. शिवाय फ्रान्समधील राज्यक्रांतीने आणि स्पेनमधील सरकारी हुकुमांनी त्यांचे मठ रिकामे केले होते. त्रैक्य संघाची मूळ शाखा तर त्याच शतकाच्या अखेरीस लोपली. १५९९ मध्ये संत जॉन बाप्टिस्ट ऑफ द कन्सेप्शन यांनी सुधारलेली शाखा तेवढी मूठभर बंधूंनिशी तगली. त्या मूठभरांनी "बाजारातील गुलाम संपले, मग आज बंदिवान कोण?" असा प्रश्न स्वतःस विचारला. म्हणून आज हे दोन्ही संघ तुरुंगांत, निर्वासितांत, श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्यांत आणि व्यसनात अडकलेल्यांत काम करताना दिसतात. आपल्या भारतातही त्यांचे बंधू आहेत.

एक संघ काम संपल्यावर विरला, एक आज्ञेने विझला आणि एकाने आपले काम नव्याने ओळखले. यातून एखादा सोपा धडा काढून वाचकांच्या हाती द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. जे टिकले ते देवाचे लाडके आणि जे गेले ते नावडते, असा हिशेब इतिहास मांडू देत नाही. गोणपाटी बंधूंनी असा कोणता अपराध केला होता? आणि अंतोनीय बंधूंनी ज्या हजारो माणसांना भाकर दिली, ती भाकर १७७७ मध्ये संघ मिटला म्हणून वाया गेली काय? संघ ही देवाच्या घरची भांडी आहेत. भांडे झिजते, फुटते, कधी घरधनी ते बाजूला ठेवतो. त्यात शिजलेले अन्न ज्यांच्या पोटी गेले, ते जगले. आमच्या समजुतीप्रमाणे भीती बाळगायची ती भांडे फुटण्याची नव्हे. चूल विझल्यावर भांड्यांनाच कुलूप लावून जपत बसण्याची भीती बाळगावी.

काही दिवसांनी आम्ही त्या वृद्ध धर्मभगिनींना भेटावयास गेलो आणि गोणपाटी बंधूंची कथा त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारले, "फादर, त्यांतला जो अगदी शेवटचा राहिला असेल, त्याने एकट्याने प्रार्थना म्हटली असेल का हो?" आम्ही म्हटले, "म्हटलीच असेल, सिस्टर." त्या थोड्या हसल्या. मग घड्याळाकडे पाहून उठल्या. शेजारच्या पाड्यावरील एका आजारी बाईला औषध देण्याची त्यांची वेळ झाली होती.